रकाना अकरा

मकरपुऱ्याच्या संशोधन विभागात
माझं पहिलं काम माणसं मोजायचं होतं.
खांद्यापासून चिमटीपर्यंत,
गुडघ्यामागच्या लवणापासून जमिनीपर्यंत,
बसल्यावर डोळा किती उंचीवर येतो ते.
गळ्यात शिंप्यासारखी टेप, खिशात छोटी कात्री.
कामगार हसायचे, बेन, शेरवानी सीवो छो?
मी म्हणायचे, हो, लोखंडाची.

तोवर आमच्याकडे जी कोष्टकं होती
ती कुठल्याशा थंड देशातल्या शिपायांची.
सहा फुटी, तिशीच्या आतले, पोट नसलेले.
त्यांच्या मापानं बांधलेल्या पॅनेलवर
वरच्या ओळीतलं बटण दाबायला
जशुभाई परमार तेलाच्या डब्यावर चढायचे.
डबा कुठल्याच नकाशात नव्हता.
मी तो काढला. शिसपेन्सिलीनं एक चौकोन,
शेजारी लिहिलं: डबा.
साहेबांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, सर, हेच तर संशोधन.

खरं तर असं म्हटलं नाही.
पुढे वीस वर्षं सांगताना म्हणत आले.
तेव्हा नुसतीच उभी राहिले होते.

खालच्या ओळीत दोन मुठी, दोन्ही काळ्या, दोन्ही गोल.
डावी मूठ उजव्या भांड्याची,
उजवी डाव्या भांड्याची.
पाइप तसे आले होते
आणि ड्राफ्ट्समनला तेच सोयीचं पडलं.
जशुभाईंनी उजव्या मुठीला दोरा बांधला होता.
पादऱ्याहून बहिणीनं पाठवलेली राखी,
श्रावणातली, फाल्गुनापर्यंत विटून चहाच्या रंगाची झालेली.

मुंबईहून पाहुणे येणार म्हणून
आम्ही पॅनेल स्पिरिटनं पुसून घेतलं.
दोरा मी कापला.
गाठ सुटेना, म्हणून कात्रीनं.
छान दिसलं पॅनेल. फोटो आहे.

तिसऱ्या रात्री, चाराला वीस कमी असताना,
रईजी डाव्या भांड्यात कोपरापर्यंत हात घालून
गाळ काढत होता.
आणि वाफ आली.

चौकशीच्या कागदाला चौदा रकाने.
अकरावा: कारण.
टंकलेखकानं न विचारताच भरला, मानवी चूक.
खाली तीन सह्या. तिसरी माझी,
वळणदार, लांबूनही ओळखू येणारी.

मग मी कामाला लागले म्हणा.
थर्मास घेऊन रात्रपाळ्यांना बसले,
साडेतीनला माणसाची नजर कशी काचेसारखी होते
ते वहीत उतरवत.
पुढच्या पॅनेलवर एक मूठ तिकोनी आली,
भांड्याच्या बाजूची मूठ त्याच बाजूला आली,
पायाखाली चौथरा आला.
माझा निबंध छापला गेला, शाल मिळाली.
निबंधात दोरा नाही.
दोऱ्यासाठी परिशिष्ट लागलं असतं, म्हटलं मनाशी.

जशुभाईंची बदली स्टोअरला झाली होती.
एकदा तरसालीला त्यांच्या घरी गेले,
सांगायचं ठरवूनच.
त्यांनी बशीत चहा ओतून पुढे केला,
गांठिया आणायला पोराला पिटाळलं.
मी म्हटलं, जशुभाई, तो दोरा…
ते म्हणाले, बेन, हाथ तो मारो ज हतो ने.
आणि रईजीच्या मुलीच्या लग्नाचं बोलायला लागले,
तो जेवण कसा डाव्या हातानं वाढत होता ते.
मी गांठिया खाल्ले. मिरची तिखट होती.

आता दांडिया बाजारातल्या घरी
नवी शेगडी आहे, काचेची.
बर्नर चार, चौकोनात.
बटणं चार, एका ओळीत.
रोज एकदा तरी भलताच पेटतो.
भाची म्हणते, मावशी, तुझं हल्ली लक्ष नसतं.
मी तिला काही सांगत नाही.
ड्रॉवर उघडते,
दोरा शोधते.